सत्तेचाळिसावा गाळा

१

सकाळी आठला ऑफिसात आलं की मी आधी खिडकी उघडते, मग यंत्रातून कॉफी घेते, मग चंडोल बघते. चंडोल ही उच्चदाबाची लाइन आहे. जुन्या लोकांनी लाइनींना पक्ष्यांची नावं दिली होती, ती तशीच चालत आली. ही माझ्या जन्माआधीची. प्लोवदिव शहराच्या उत्तरेला निघते आणि सपाट रानातून चौसष्ट किलोमीटर जाते. तिच्या दोन्ही बाजूंना आता गव्हापेक्षा सौरपट्ट्याच जास्त दिसतात.

अडचण त्या पट्ट्यांचीच होती. दुपारी ऊन तापलं की वीज उदंड, आणि ती वाहून न्यायला तार जुनी. नवी लाइन टाकायची तर परवानग्यांतच दहा वर्षं जातात. म्हणून कंपनीनं ठरवलं, मनोरे तेच, तार तीच, फक्त तिच्यातून वीज जास्त सोडायची. जास्त वीज म्हणजे तार जास्त तापणार. तापली की लांबणार, आणि लांबली की दोन मनोऱ्यांच्या मधल्या गाळ्यात तिचा झोळ जमिनीकडे उतरणार. किती उतरू द्यायचा हा हिशेब करणारी बाई म्हणजे मी, विहरा काल्चेवा. बावीस वर्षं हेच करते आहे.

या वसंतात आम्ही चंडोलवर पाच ठिकाणी मोजयंत्रं बसवली. तारेला कड्यासारखी मिठी मारून बसणारी गोल यंत्रं. आमचे लाइनमन त्यांना गेव्रेक म्हणतात, कोपऱ्यावरच्या बेकरीत मिळणाऱ्या गोल पावासारखी दिसतात म्हणून. तार किती तापली, वारा किती, आणि खाली जमीन किती दूर, हे ती दर मिनिटाला सांगतात. जमिनीचं अंतर मोजायला प्रत्येक यंत्र शंभर किरण खाली सोडतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी मी आदल्या दिवसाचे आलेख बघत होते. सत्तेचाळिसाव्या गाळ्यात दिवसभर अंतर सहा मीटर वीस होतं. नियमाला सहा पुरतात. दुपारी दोन चाळीसला मात्र आलेखाला खळगा पडला होता. चार मीटर ऐंशी. अकरा मिनिटं. मग पुन्हा सहा वीस.

ट्रॅक्टर असेल, मी स्वतःला म्हटलं.

शंभरातले फक्त सतरा किरण आधी परतले होते. मी तो आकडा बघितला, आणि कॉफीचा कप टेबलावर ठेवला तो तसाच गार झाला.

२

दुसऱ्या दिवशीही दोन चाळीस. तिसऱ्या दिवशीही. चार ऐंशी, सतरा किरण, अकरा मिनिटं.

ट्रॅक्टर हलतो, त्याचे किरण बदलतात. हे सतरा रोज तेच होते, ओळीनं एका बाजूला, जणू खाली काहीतरी पक्कं, बसकं, मातीचं असावं. तिथे तसं काही नव्हतं. असूच शकत नव्हतं, हे मला दुसऱ्या कुणाहीपेक्षा चांगलं माहीत होतं.

माझा साहेब मोमचिल माझ्याच वर्गातला. तो खुर्चीच्या पाठीवर हात टेकून माझ्या पडद्यात डोकावला.

"काय गं, चार दिवस तोच गाळा उघडून बसलीयेस. प्रेमात पडलीस की काय?"

"यंत्र बिघडलंय बहुतेक."

"मग बदल. बाकीची चार नीट आहेत ना? लाइन नव्वद टक्क्यांवर चाललीये, वरचे खूश आहेत. सेमिनारला तुझंच नाव पाठवलंय मी. कमी खर्चात जास्त वीज. छान मथळा आहे की नाही?"

"छान आहे," मी म्हटलं.

तो गेल्यावर मी कारणांची यादी केली. तापलेल्या हवेत किरण वाकतो. काचेवर कोळ्याचं जाळं असेल. बगळे असतील. पण तापलेली हवा दोन चाळीसलाच का, आणि बगळा एका जागी सतरा किरण अडवून अकरा मिनिटं उभा कसा, याला उत्तर नव्हतं. तरी मी यादी जपून ठेवली. माणसाला कागदाचा आधार वाटतो.

आठव्या दिवशी आकडा बदलला. सतरा किरण चार ऐंशीवर होतेच, पण मधले तीन आणखी वर आले होते. तीन मीटर दहा.

चार ऐंशीतून तीन दहा गेले की उरतात एक मीटर सत्तर. मी ती वजाबाकी मनात केली, मग कॅल्क्युलेटरवर केली, मग खिडकी बंद केली.

३

वल्कोदादाला मी फोन केला. आमच्या लाइनमनांचा तो मुकादम, साठीला टेकलेला, मनोऱ्यावर अजूनही पोरासारखा चढतो.

"इंजिनिअरबाई, तुमच्या गेव्रेकला भूक लागली असेल," तो हसला. "पुसून येतो. सकाळीच जातो, उन्हाचं कोण मरायला जाईल."

"दुपारी जा, दादा. अडीचला पोचा. आणि मला फोन करा."

तो गेला. अडीचला त्याचा फोन आला. रानात उन्हाचा जाळ आहे, गहू कापून झालाय, धसकटं नुसती टोचतायत, माणूस नाही, शेळी नाही, असं त्यानं सांगितलं. मी पडद्यावर बघत होते. चार मीटर चाळीस. तारेखाली उभा राहिलेला वल्को.

"दिसलात," मी म्हटलं.

"हात हलवू का?"

त्यानं हात हलवला असावा, आकडा वरखाली झाला. आम्ही दोघं हसलो. मग दोन चाळीस झाले.

सतरा किरण उमटले. वल्कोच्या उजवीकडे, दोन पावलांवर. आणि त्यांच्या मधोमध, तीन दहावर, ते तीन.

"दादा, तुमच्याबरोबर कोण आहे?"

"कोण असणार?"

"उजवीकडे बघा."

फोनमध्ये तारेची गुणगुण ऐकू येत होती. गरम दिवसात तार गुणगुणतेच. वल्कोचा श्वास ऐकू येत होता. 

"काही नाही इथे," तो शेवटी म्हणाला. आवाज खाली आला होता, देवळात शिरल्यावर माणूस बोलतो तसा. "बाई, हाच ना तो गाळा? गेल्या सप्टेंबरातला?"

"हो."

"मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही."

त्यानं फोन ठेवला. यंत्राची काच त्यानं पुसली नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

४

आता ते सांगते.

चंडोलची क्षमता वाढवायची ठरली तेव्हा हेलिकॉप्टरमधून लेसरनं सगळी जमीन मोजून घेतली होती. त्यातून कोट्यवधी ठिपके मिळतात, आणि प्रत्येक ठिपक्याला जात लावायची असते. जमीन, झाड, छप्पर, इतर. 'इतर' म्हणजे उद्या नसेल असं काहीतरी, ते हिशेबात धरत नाहीत. सत्तेचाळिसाव्या गाळ्यात एक उंचवटा होता, बैलगाडीएवढा रुंद. त्यावरचे ठिपके होते सतरा. जमीन म्हणून धरले तर तापलेली तार त्यांच्यापासून चार मीटर ऐंशीवर येत होती. म्हणजे एक मनोरा उंच करायला हवा, म्हणजे आणखी सहा महिने.

"शुक्रवारी कागद गेले पाहिजेत," मोमचिल म्हणाला होता. त्यानं मला काही खोटं करायला सांगितलं नव्हतं, हे मी मुद्दाम लिहिते. मी ते सतरा ठिपके निवडले आणि त्यांची जात बदलली. इतर. शेरा लिहिला, शेणखताचा ढीग. उंचवट्यावर गवत होतं, ते मला चित्रात स्वच्छ दिसत होतं. गवत उगवायला ढीग किती वर्षं जुना असावा लागतो, हे न कळण्याइतकी मी शहरी नाही.

त्या उंचवट्यावर उभा राहून रांगेल नावाचा एक म्हातारा चाळीस वर्षं आपल्या अक्रोडाचं झाड झोडत असे. तार डोक्यावर कुठे आहे हे त्याच्या हातांना पाठ होतं. काठी किती उचलायची, कुठे थांबायचं. गेल्या सप्टेंबरात, दुपारी, सौरपट्ट्या भरात असताना, त्यानं नेहमीसारखी ॲल्युमिनियमची काठी उभी केली. तार नेहमीच्या जागी नव्हती. मीटरभर खाली होती, आणि ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चौकशी समितीवर मी होते. अंतर नियमाप्रमाणे आहे, असं मी सांगितलं आणि सही केली. उंचवटा काढून टाकावा, म्हणजे पुन्हा कुणी चढणार नाही, ही सूचनाही माझीच. दोन दिवसांत बुलडोझर फिरला. सगळ्यांना मी कळकळीची वाटले.

आणि बाटली. त्याच्या पिशवीत एक बाटली सापडली होती, रिकामी. बाटली म्हटलं की आमच्याकडे पुढचं कुणी विचारत नाही. अहवालात 'मद्यपानाची शक्यता' असं आलं. ती बाटली टेबलावरून फिरत माझ्या हातात आली होती. मी तिचा वास घेतला होता. वास ताकाचा होता.

मी बाटली शेजारच्याच्या हातात दिली.

५

आकडा रोज थोडा कमी होत होता, म्हणजे खालचं ते तारेच्या जवळ येत होतं. तीन दहा. दोन साठ. एक नव्वद. आता हिशेब माणसाच्या उंचीचा राहिला नव्हता. माणसाच्या हातातून काहीतरी वर सरकत होतं, रोज वीतभर, वीतभर.

एका गुरुवारी मी गाडी काढली आणि स्वतः ओरेहोव दोलला, रांगेलच्या गावी, गेले. घर शोधावं लागलं नाही. फाटकावर काळ्या चौकटीचा श्रद्धांजलीचा कागद होता, रांगेलला जाऊन सहा महिने झाले तेव्हा लावलेला, उन्हानं पिवळा पडलेला. त्यावरच्या फोटोतला रांगेल टोपी घालून, किंचित लाजून बघत होता. कुणीतरी म्हटलं असेल, जरा हस की.

त्याची बायको दोनका अंगणात भेंडी नीट करत होती. मी कंपनीची म्हटल्यावर ती घाईघाईनं उठली, हात एप्रनला पुसले.

"ये, ये, पोरी. बस. उन्हातून आलीस." तिनं कलिंगड कापलं, पांढरं चीज ठेवलं, पाणी आणलं. "खा आधी. कंपनीचं माणूस येईल असं वाटत होतं मला. किती दिवस वाट बघतेय."

"कशासाठी, मावशी?"

ती समोर बसली आणि हात मांडीवर घट्ट धरून म्हणाली, "माफी मागायची होती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"त्या दिवशी तीन तास वीज गेली म्हणे तुमची. दोन गावांची. इस्पितळाचीसुद्धा. आमच्या माणसामुळे. मी पत्र लिहिणार होते, पण माझं अक्षर बरं नाही."

"मावशी, तसं काही..."

"नाही, बोलू दे मला. गावात लोक म्हणतात, पिऊन चढला म्हातारा. मी भांडले आधी. म्हटलं, माझा रांगेल दिवसा थेंब घेत नाही, त्या सकाळी मीच ताक भरून दिलं होतं. पण पोरी, कागदावर लिहून आलं. शिकल्या-सवरल्या माणसांनी सह्या केल्यात. मग मी म्हटलं, आपल्याला काय कळतं? घेत असेल चोरून. चाळीस वर्षं मला फसवत असेल." तिनं कलिंगडाची फोड माझ्याकडे सरकवली. "आता कबरीवर जाते ना, तर मेणबत्ती लावते आणि बोलत नाही त्याच्याशी. राग येतो. मेलेल्या माणसाचा राग येतो, सांग आता."

माझ्या सहीचा शेवटचा फराटा मी नेहमी जरा लांब ओढते. तो मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होता. बोलायचं म्हणून मी तोंड उघडलं, आणि विचारलं, "दुपारी तिकडे कुणी जातं का, शेतात?"

तिनं माझ्याकडे जरा वेगळं बघितलं.

"तुलाही कळलंय वाटतं," ती म्हणाली.

"काय?"

"ठकठक. दुपारी. मी आधी म्हटलं, साळुंक्या असतील. मग जाऊन बघितलं तर खाली अक्रोड पडलेले. हिरवे. ऑगस्टात कोण झोडतं अक्रोड? आत अजून दूध आहे त्यांच्या." तिनं एप्रनच्या खिशातून दोन काढून टेबलावर ठेवले. साल फुटली होती, काठी बसल्यावर फुटते तशी. तिची बोटं त्यांच्या रसानं काळी पडली होती.

दोन वाजून गेले होते.

"चल," ती म्हणाली. "एकटी जायला मला आता नको वाटतं."

६

अक्रोडाचं झाड शेताच्या बांधावर होतं, फांद्या तारेच्या बाजूनं छाटलेल्या. त्याच्यापासून चार पावलांवर जमीन सपाट होती, बुलडोझरनं केली होती तशी. गव्हाची धसकटं सगळीकडे सारखीच होती, उंचवटा होता तिथेही.

वारा नव्हता. अशा दुपारी तार सगळ्यात जास्त उतरते. तिची गुणगुण दातांत जाणवत होती. माझ्या हातातल्या टॅबवर यंत्राचा आकडा मिनिटामिनिटाला येत होता. सहा वीस. सहा वीस. दोनका झाडाच्या सावलीत उभी होती, ओढणीचं टोक तोंडावर धरून.

दोन चाळीसला आकडा बदलला. मी जमिनीकडे बघितलं. काही नव्हतं. धसकटं, माती, तीन तारांच्या तीन बारीक सावल्या, समांतर, सरळ.

मग मला दिसलं की त्या सरळ नाहीत.

एका ठिकाणी त्या वर चढल्या होत्या. सपाट जमिनीवर, काहीच नसताना, तिन्ही सावल्या वळून कशावरून तरी जाव्यात तशा गेल्या होत्या, बैलगाडीएवढ्या रुंदीतून, आणि पलीकडे उतरल्या होत्या. उंचवट्यावरून सावली जाते तशा.

"ऐकू येतंय?" दोनका हळूच म्हणाली.

ठक. फांदी हलली. एक हिरवा अक्रोड माझ्या पायाशी येऊन पडला.

त्या न दिसणाऱ्या उंचवट्याच्या माथ्यावरून चौथी सावली निघाली. बारीक, लांब. ती सावकाश उभी होत होती. रागानं नाही, घाईनं नाही. थोडी उठायची, थांबायची, मग आणखी बोटभर. आंधळा माणूस उंबरा शोधतो तशी ती तारेची सावली शोधत होती. मला एकाएकी कळलं की गेले पंधरा दिवस मी पडद्यावर काय बघत होते. तो म्हातारा रोज येऊन बघत होता, आपलं कुठे चुकलं. चाळीस वर्षं हाताला पाठ असलेलं अंतर तो पुन्हा पुन्हा मोजून बघत होता.

टॅबवर एक मीटर दहा आलं. मग सत्तर सेंटिमीटर. सावलीचं टोक तारेच्या सावलीला भिडायला बोटभर उरलं.

मी ओरडले.

"थांबा! तार खाली आहे! मी खाली आणलीय ती! तुमचं चुकलं नाही, काका, मी आणली खाली, मीटरभर!"

माझाच आवाज रानात पसरला आणि विरून गेला. काठीची सावली थांबली होती. क्षणभर तिच्या मुळाशी मला काहीतरी दिसलं. टोपीच्या काठाची गोलाई, आणि कुणीतरी मान वळवावी तशी हालचाल. मी डोळे मिटले. मी बघितलं नाही. एवढंही मला जमलं नाही.

डोळे उघडले तेव्हा तीन सावल्या सरळ होत्या.

दोनका सावलीतून बाहेर आली होती.

"काय म्हणालीस तू आत्ता?"

मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, उन्हात. ठिपके, शेरा, सही. बाटलीचंही सांगितलं.  तिची मान आडवी हलत राहिली, आमच्याकडे होकाराला हलवतात तशी, हो, हो, पुढे सांग, डॉक्टरचं ऐकावं तशी.

"म्हणजे ताक होतं त्यात," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"तू वास घेतलास."

"हो."

तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. ती खाली वाकली, हिरवे अक्रोड एप्रनमध्ये गोळा करू लागली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जा आता तू. मला त्याच्याशी बोलायचंय. वर्षभर बोलले नाही मी."

७

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी मी निवेदन लिहून मोमचिलच्या टेबलावर ठेवलं. त्यानं उभ्यानंच वाचलं. मग दार लावलं.

"वेडी झालीस? हे असं कुणी लिहितं?"

"खरं आहे ते."

"खरं असेल गं. पण सोमवारी बघू. वकिलाला विचारू आधी. तोवर कुणाशी बोलू नकोस." कागद त्यानं खणात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाला, "घरी जा. झोप काढ."

मी गेले नाही. मला हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणाची लाजही वाटत होती. कारण निवेदनात मी सत्तेचाळिसावा गाळा लिहिला होता. फक्त तोच. तशा जागा तीन होत्या. एक चूक चूक म्हणून खपते. तीन म्हणजे स्वभाव. बाकीच्या दोन ठिकाणी काही झालं नव्हतं, कुणाला कळणार नव्हतं, पुढच्या वर्षी गुपचूप मनोरे उंच करून घेऊ, असं मी ठरवलं होतं.

दुपारी मी पडदा उघडला. दोन चाळीसला सत्तेचाळिसाव्या गाळ्याची रेघ सरळ गेली. सहा वीस. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि तेवढ्यात तिच्याखालची, दुसऱ्या यंत्राची रेघ खचली.

बासष्टावा गाळा. पाच मीटर दहा. नऊ किरण.

तिथे रानातला जुना उंच रस्ता तारेखालून जातो. त्याचे मी नऊ ठिपके पुसले होते, आणि यंत्र बसवताना ते नऊ किरणही वगळले होते.

बघता बघता आणखी किरण उमटले, मोठे, रुंद, हलणारे. हे खरोखरचं वाहन होतं, मोटार, ट्रक, काहीतरी. आणि त्याच्या पुढ्यात तीन किरणांची ती ओळखीची उंची. ट्रकमधून काहीतरी वर उठत होतं. साडेतीन मीटर. तीन. अडीच.

मी कंट्रोल रूमला फोन लावला. ड्यूटीवर आसेन होता.

"आसेन, चंडोल बंद कर. आत्ता."

"बाई, नव्वद टक्के लोड आहे. कारण काय लिहू?"

"बासष्टाव्या गाळ्यात तार खाली आहे."

"आमच्याकडे तर सहा मीटरच्या वर दाखवतंय. तुमचीच सही आहे."

त्या फोनवरचं सगळं बोलणं नोंदलं जातं. ते खणात ठेवता येत नाही.

"ती सही खोटी आहे," मी म्हटलं. "लिहून घे. सत्तेचाळीस, बासष्ट आणि एकोणनव्वद. तिन्ही ठिकाणी जमीन मी पुसली. मी, विहरा काल्चेवा. झालं कारण? आता बंद कर, बाबा, पाया पडते."

 पलीकडे कळफलकावर त्याच्या बोटांचा आवाज. पडद्यावर चंडोलचा प्रवाह शून्यावर आला. माझ्या मागे दार उघडून मोमचिल उभा होता. त्याच्या चेहऱ्याकडे मी बघितलं नाही.

८

संध्याकाळी वल्कोदादाबरोबर मी बासष्टाव्या गाळ्याला गेले. तो स्वतःहून आला होता; उतरताना त्यानं माझ्यासाठी दार धरलं.

पेंढ्याचे गठ्ठे भरायला आलेला ट्रक अजून तिथेच उभा होता, पाठीवरची क्रेन अर्धी उचललेली. तिच्या टोकापासून तार हातभर दूर होती, आणि ती तर आता गार होऊन वर गेली होती. ड्रायव्हर वेलिचको नावाचा तिशीतला माणूस, चाकाला टेकून सिगारेट ओढत होता. 

"मी कुठे वर बघत होतो?" तो म्हणाला. "गठ्ठ्याकडे लक्ष. क्रेन सोडलेली वर. आणि हा म्हातारा रस्त्यात."

"कुठला म्हातारा?" वल्कोनं विचारलं.

"होता एक. टोपीवाला. पुढ्यातच उभा, दोन्ही हात वर करून. हॉर्न दिला, हलेना. मी शिव्या घातल्या हो. म्हटलं, दुपारचा ढोसून आलास काय रे, मरायचंय का? तरी हलेना. मग क्रेन थांबवली, खाली उतरलो त्याला ओढायला, तर तेवढ्यात वरची गुणगुण बंद झाली. तेव्हा मी वर बघितलं."

त्यानं सिगारेट धसकटांत टाकली आणि काळजीपूर्वक बुटाखाली विझवली.

"परत बघतो तर तो निघून गेलेला. कुणाच्या ओळखीचा आहे का? फार वाईट बोललो मी त्याला. तोंडावर माफी मागायला हवी."

वल्को माझ्याकडे बघत राहिला. वेलिचकोही.

मी त्याला नाव सांगितलं. गाव सांगितलं. फाटकावर कागद आहे, तेही सांगितलं. त्याहून जास्त माझ्याच्यानं बोलवेना. मी वळून ट्रकच्या मागे गेले आणि तिथे बराच वेळ उभी राहिले, कुणाला तोंड दिसू नये म्हणून.